काळ्या दोऱ्याची बाटली

बाई, बाटल्या हलवल्या. पहिलं हेच सांगते. दार उघडलं की मी चप्पल काढायच्या आधीच तुम्ही आतून विचारायचात, "सुगंधा, बाटल्या?" आता कुणी विचारत नाही, तरी मी उंबऱ्यात थांबते. थोडा वेळ वाट बघते. मग कुलूप हातात तसंच धरून गॅलरीत जाते आणि एकेक बाटली मानेला धरून फिरवते, तळाला बसलेलं हिरवं सगळं वर येईपर्यंत. बाटल्या फिरताना आत पाण्याचा जो आवाज होतो, तो तुमच्या घसा साफ करण्यासारखा वाटतो. आधी कधी वाटला नव्हता.

तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले. तुमचे भाऊ पुण्याहून आले होते, सगळं त्यांनी केलं. किल्ली माझ्याकडेच ठेवली, म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत घर बघा. उद्या मानसीताई येणार आहे, तुमची विद्यार्थिनी, कॉलेजात शिकवणारी. फोनवर म्हणाली, "मावशी, बाईंची ती बाटली मी घेऊन जाते. कॉलेजात बाईंसाठी सभा ठेवली आहे. बाईंनी शेवटी काय शोधलं, ते मी सगळ्यांना सांगणार आहे." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार, माझ्या तोंडातून दुसरं निघतच नाही. म्हणून दुकानातून वही आणली आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसले आहे. चौथीपर्यंतची शाळा माझी. जोडाक्षरं चुकतील. तुम्ही लाल खूण करू नका.

जे सांगायचं आहे ते बाटलीचंच आहे. पण एकदम नाही सांगता येत.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे भांडी आणि लादीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तुमची एक बाटली घासून पालथी घातली होती, आठवतं? तुम्ही गॅलरीतून आलात आणि विचारलंत, "यात काय होतं?"

"शेवाल व्हता. काढला. लई चिकट व्हता."

तुम्ही बाटली उचलून उजेडात धरलीत. चकचकीत झाली होती. मला वाटलं, आता कामावरून काढणार. तुम्ही म्हणालात, "आठ महिने पोसलं होतं मी ते. पण घासलंस छान." आणि हसलात. माणूस आपल्या नुकसानीवर एवढं हसतं, हे मी विचुंब्याला सून म्हणून आल्यापासून कुठे पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही मला गॅलरीत नेलंत. उन्हातल्या बाटल्या कठड्याजवळच्या मांडणीवर, सावलीतल्या आत, जाळीमागच्या फळीवर. पाणी तेच, खत तेच, शेवाळ एकाच बाटलीतून काढलेलं. तरी उन्हातलं फिकं आणि सावलीतलं गडद हिरवं. मी म्हटलं, "उन्हातली आजारी हायत."

"आजारी नाहीत. पोट भरलेली आहेत."

तेव्हा तुम्ही ताटाचं सांगितलंत. एकेक हिरवा ठिपका म्हणजे एकेक जीव. उजेड हे त्याचं जेवण. उजेड झेलायला प्रत्येकाजवळ हिरवं ताट असतं. सावलीत उजेड थोडा, म्हणून ताट मोठं करायचं, कण खाली सांडायला नको. उन्हात उजेड रगड, म्हणून ताट लहान करायचं, नाहीतर न पचलेला उजेड अंगाला पोळतो. मी विचारलं, ढग आला आणि गेला तर? दर वेळी ताट मोडायचं आणि घडवायचं का? तुम्ही माझ्याकडे नीट वळून पाहिलंत. म्हणालात, "हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता." मग सांगितलंत, आत दोन चुली असतात. एकीचा जाळ जास्त झाला की ती थोडं जळण दुसरीकडे सरकवते. तेवढ्यानेही भागलं नाही तर जास्तीचं ऊब करून बाहेर टाकते. ताट बदलायला दिवस लागतात, जळण सरकवायला काही मिनिटं पुरतात. हे सगळं डोळ्याला न दिसणाऱ्या एका ठिपक्यात. मी त्या दिवशी घरी जाऊन भाकऱ्या थापताना दोन्ही चुलींकडे बघत राहिले होते. आमच्याकडे तेव्हा गॅसची शेगडीच होती, पण मी तिला चूलच म्हणते.

आणि मिठागराचं. माझे बाबा मिठागरात होते. उन्हाळा चढला की वाफ्यातलं पाणी तांबूस व्हायचं, तेव्हा बाबा म्हणायचे, "पानी पिकला, आता मीठ धरल." हे मी सहज बोलून गेले, लादी पुसता पुसता. तुम्ही खुर्ची ओढून जवळ बसलात. "किती तांबूस? कधी? सकाळी की दुपारी? हात घातलास कधी?" माझ्या बाबांबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं. मग म्हणालात, "तेही हिरवं शेवाळच गं. खार आणि ऊन सोसेना की अंगावर नारिंगी पदर घेतं. आत हिरवंच असतं." बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मिठागरही भराव घालून गेलं. त्या दिवशी मला ते दोन्ही परत मिळाल्यासारखं झालं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मी फक्त "व्हय का" म्हणाले आणि फडकं पिळलं.

तुमच्या डोळ्यांना काचबिंदू होता. समोरचं मधोमध दिसायचं तेवढंच, रंग तर विटल्यासारखे. रंग मोजायचं यंत्र घरी ठेवण्यासारखं नव्हतं. तुम्ही म्हणालात, तू सांग, मी लिहिते. मला रंगांची नावं कुठे येतात. मी भाजीतली सांगितली. सगळ्यात फिकी ती दुधी. मग काकडी. मग तोंडलं. सगळ्यात गडद ते अळू. तुम्हाला एवढं आवडलं की फोनवर मानसीताईला सांगितलंत, "माझं यंत्र पनवेलच्या भाजीबाजारातलं आहे." वही तुम्ही मराठीत ठेवलीत, मला वाचता यावी म्हणून. मोठ्या अक्षरात, जाड पेनाने. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, पाहणारी. तो रकाना चार वर्षं कोरा राहिला. आपलं एकच भांडण, ते त्या रकान्यावरून.

"नाव घाल."

"नको बाई. माझा काय काम, मी निस्ता बघते."

"बघणं हेच काम आहे. रंग तू सांगतेस, नाव तुझं हवं."

"लोकं वाचतील."

"वाचतील म्हणूनच."

एकदा मी चिडून म्हटलं, "तुमीच सांगता ना, सावलीतली जास्त हिरवी असते. मंग राहू द्या मला सावलीत."

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "हिरवी असते. पण वाढते कमी."

उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं. फळीवरची बाटली उचलून मी म्हटलं, "आनि सावलीतली एकदम उन्हात ठेवली तर जळते, ते पन तुमीच सांगितलाय." तुम्ही ती माझ्या हातून घेऊन परत फळीवर ठेवलीत. मग म्हणालात, "हो. हळूहळू न्यावी लागते." ते भांडण तिथेच राहिलं आहे. तुम्ही हरलात असं मला वाटलं होतं.

आता दोऱ्याचं सांगते.

ओल्या हातांनी चिठ्ठ्या निघून जायच्या, म्हणून तुम्ही दोरे बांधायला सांगितलेत. उन्हातल्यांना जाड लाल लोकर, सावलीतल्यांना बारीक काळा दोरा. डोळ्यांनी नाही दिसलं तरी बोटांना कळावं म्हणून. मी हसले होते. म्हटलं, "काला दोरा आमच्यात दृष्टीला बांधतात." तुम्ही म्हणालात, "शेवाळाला कोण दृष्ट लावणार आहे."

लावली ना. समोरच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या होत्या. उन्हातल्या मांडणीवर नवी बाटली ठेवून दोनच दिवस झाले होते, अजून छान हिरवी होती. त्यांनी ती सरळ हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर शरबतच दिसतंय, पिऊन टाकावंसं." आणि चार दिवसांत ती दुधी झाली. सगळ्या नव्या बाटल्या उन्हात फिक्या होतात, हे मला माहीत होतं. पण ही बहिणींपेक्षा लवकर झाली, जास्त झाली. टोकाला होती, तिथे भिंतीची सावली येत नाही, एवढंच कारण असणार. डोक्याला ते कळत होतं. हाताला कळलं नाही. तिच्या मानेवरची लाल लोकर गाठ सुटून पडली होती, नवी बांधायचीच होती. मी काळा दोरा बांधला. मनात म्हटलं, दोन दिवस ठेवते, मग लोकर बांधते.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या हळदीला ओवे गावाला गेले. नेमके तेव्हाच इमारतीला रंग देणारे आले. परांची बांधायची म्हणून त्यांनी गॅलरी मोकळी करायला लावली. तुम्ही एकटीने सगळ्या बाटल्या आत नेल्यात आणि संध्याकाळी बोटांनी दोरे चाचपून जागच्या जागी लावल्यात. लोकर उन्हात, दोरा सावलीत. बरोबरच लावल्यात.

मी आले, नेहमीसारखे रंग सांगत गेले. अळू, अळू, अळू, दुधी.

"कुठली दुधी?"

"ही. काल्या दोऱ्याची."

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि खुर्चीत बसलात. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही म्हणालात, "सावलीत असून दुधी? नीट बघ." मी नीट बघितलं. दुधीच होती. खोटं बोलले नव्हते. तिथे एक वाक्य पुरे होतं, बाई. दोरा मी बांधला, एवढंच. ते तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही बोलायला लागलात, आणि तुमचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

तुम्ही पंगतीचं सांगितलंत. पहिल्या पंगतीतले ताटं भरभरून घेतात, निम्मं खातात, निम्मं उष्टं टाकतात. मागच्या पंगतीला रिकामी पातेली. बाटलीतही तेच. काचेजवळचे ठिपके सगळा उजेड ओढून घेतात, पचत नाही तो ऊब करून टाकतात, आणि मधले ठिपके अंधारात उपाशी बसतात. म्हणून बाटली काही केल्या एका हद्दीपुढे वाढत नाही. "पण एखादी अशी असेल, सुगंधा, की सावलीतही ताट लहानच ठेवते. बेताचं वाढून घेते. मग उजेड मागच्यांपर्यंत पोचतो. सगळी पंगत जेवते." तुमचा आवाज बारीक झाला होता. "नोकरीत असताना मी अशी एक शोधत होते. मिळाली नाही. आणि ही बघ, फळीवर येऊन बसली आहे."

तुम्ही मला त्या दिवशी शिरा करायला लावलात. साखर तुम्हाला चालत नव्हती, तरी खाल्लात.

त्या शिऱ्यानंतर मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. तिसऱ्या दिवशी बघितलं तर ती काकडी व्हायला लागली होती. सावलीत आली, ताट मोठं करू लागली. तिला काय माहीत, तिच्याकडून काय पाहिजे होतं. मी तुम्हाला दुधी सांगितलं. आणि दुपारी तुम्ही आडव्या झालात की ती बाटली उचलून उन्हात नेऊन ठेवली. तुम्ही उठायच्या आधी परत फळीवर.

तीन आठवडे, बाई. रोज. मी तुमचं घर पुसत होते आणि माझं खोटं उन्हात वाळवत होते. तुम्ही रोज वहीत लिहीत होता, काळा दोरा, दुधी. मानसीताईला फोन केलात. आरशात बघून केस विंचरायला लागलात. मला वाटलं, यात वाईट काय, एवढा आनंद तर मी माझ्या हाताने कुणाला दिला नाही.

त्या आठवड्यांत तुम्ही दोनदा विचारलंत, "तुला काही सांगायचंय का गं?" एकदा चहा पिताना, एकदा मी निघताना. दोन्ही वेळा मी "नाय" म्हटलं. दुसऱ्या वेळी तुम्ही दारापर्यंत आलात आणि मी जिना उतरेपर्यंत दार लावलं नाहीत. वर बघितलं असतं तर कदाचित बोलले असते.

मग तुमच्या छातीत दुखलं आणि दोन दिवसांत सगळं आटपलं. दवाखान्यात तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "काळ्या दोऱ्याची बाटली." पुढचं बोलणार, तेवढ्यात सिस्टर आली, तिने मला बाहेर काढलं. तो हात मला अजून लागतो. भांडी घासताना, केस बांधताना, मनगटाच्या वर जिथे धरला होतात तिथे. आणि ते अर्धं वाक्य घरभर आहे. नळ सोडला की त्यात, बाटल्या हलवल्या की त्यात. मी इतके दिवस समजले, तुम्ही म्हणत होता, सांभाळ.

म्हणून मी ठरवलं, खरं काय ते बघायचं. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, तोवर उन्हातच राहिलेली ती बाटली फळीवर मागे ठेवली आणि पुन्हा उन्हात नेली नाही. देवाला म्हटलं, फिकीच राहू दे. चुकून का होईना, खरंच लहान ताटाची निघू दे. पहिल्या सकाळी दुधी होती. चौथ्या सकाळी काकडी. रोज दार उघडताना कुणीतरी रात्रीतून थोडा थोडा रंग ओतून जात आहे असं वाटायचं. दहाव्या दिवशी तोंडलं. एका संध्याकाळी ती हातात घेतली तर कोमट लागली. दिवसभर सावलीत होती, कुणी हलवली नव्हती. माझाच हात तापलेला असेल. पण मी ती तिथेच ठेवून घरी पळाले, कुलूप नीट लागलं का तेही बघितलं नाही.

आज ती अळू झाली आहे. सगळ्यांसारखी. बहिणींमध्ये ठेवली तर दोरा बघितल्याशिवाय ओळखता येणार नाही.

मग आज पहिल्यांदाच तुमची वही मी एकटीने उघडली. तुम्ही असताना कधी उघडली नव्हती, तुम्ही वाच म्हणालात तरी. उद्या मानसीताईला द्यायची, तर आत काय लिहिलं आहे ते बघावं म्हणून. काळा दोरा, दुधी. काळा दोरा, दुधी. पान उलटलं. तुम्ही आजारी पडायच्या आठ दिवस आधीचं पान. अक्षर वाकडं गेलं होतं, ओळीवर ओळ चढली होती. लिहिलं होतं, "काळा दोरा. दुपारी चारला उठून फळीवर हात फिरवला. बाकीच्या गार, ही कोमट. का?"

दुसऱ्या दिवशी, "पुन्हा कोमट."

त्याच्या पुढच्या दिवशी, "उन्हातून आणलेली. सुगंधाला विचारावं." आणि त्यावर काट मारून खाली, "नको. ती सांगेल. हळूहळू."

त्याखाली पुढचे पाच दिवस, माझ्याच तोंडचं, तुमच्या हाताने लिहिलेलं: दुधी, दुधी, दुधी, दुधी, दुधी.

बाई, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही शिरा खाल्लात तेव्हा नव्हतं, पण नंतर होतं. माहीत असून केस विंचरत होता. माहीत असून दार उघडं ठेवून उभ्या राहिलात. आणि दवाखान्यात तुम्ही "सांभाळ" म्हणणार नव्हता. काय म्हणणार होता, ते मी आता दिवसभर दहा प्रकारे पुरं करून बघितलं. एकातही तुम्ही रागावलेल्या नाहीत. त्यानेच जास्त लागतं.

मानसीताईला हे बोलून सांगायला माझी जीभ वळणार नाही. ती दारात आली की मी पाणी देईन आणि खाली बघेन. पण तिला वाचता येतं.

तिथे तुमचं जाड पेन आहे. त्या वहीत, तुमच्या शेवटच्या ओळीखाली, मी लिहिलं आहे. ही बाटली मुळात उन्हातली. दृष्टीचा म्हणून काळा दोरा मी बांधला. रोज दुपारी उन्हात मी ठेवली. बाईंना कळलं होतं. मग तेरा सकाळी ती सावलीत होती, त्यांचे रंग एकाखाली एक लिहिले, दुधीपासून आजपर्यंत, तुम्ही लिहायचात तसे, रकाने आखून. तुमच्यासारखंच अक्षर वाकडं गेलं. शेवटचा रकाना मी कोरा ठेवणार होते. मग गॅलरीत जाऊन परत आले.

काळा दोरा. अळू. पाहणारी: सुगंधा.